फणसाच्या सावलीतला गुलाब

"...पण माई, सावलीत गुलाब फुलतो कुठं? फणसाच्या दोन फांद्या तोडू द्या मला."

गोदामाई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फणसानं तुझं काय घोडं मारलंय?"

दिनकरनं हातातली कात्री खाली ठेवली.

वाईच्या पलीकडं, नदीकाठी माईंचं घर. मागं लहानसं परसू, त्यात फणस, आणि फणसाच्या सावलीत भिंतीला टेकून एक जुना गावठी गुलाब. दुपारनंतर तिथं ऊन म्हणून येत नसे. संन्यास मागायला दिनकर आला तेव्हा माईंनी त्याला तो गुलाब दाखवला होता. म्हणाल्या होत्या, "याला फूल येईल त्या दिवशी दीक्षा देईन."

दिनकर मनात हसला होता. गुलाब म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. थोरल्या भावाबरोबर त्यानं मोठी नर्सरी चालवलेली. त्याचे कलमी गुलाब तळहाताएवढे व्हायचे, प्रदर्शनात कप मिळवायचे. वास तेवढा नसायचा. पुढं कपावर नाव कुणाचं यावरून भावाशी वाजलं, आणि हा पठ्ठ्या घर सोडून निघाला तो थेट माईंच्या दारात.

त्यानं गुलाबाला शेणखत घातलं, आळं केलं. दर दसऱ्यानंतर गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं छाटलं, कलमी गुलाबाचं करतात तसं. दोन वर्षं झाली. पानं अशी तजेलदार की बघत राहावं. कळी मात्र एक नाही.

बिचारा आतून पार खचला होता.

"बाहेर ओट्यावर कुणी बसलंय," माई म्हणाल्या. "सकाळपासून. तुझा दादा म्हणतोय स्वतःला."

"...त्याला जायला सांगा."

"पाणीसुद्धा नको विचारू?"

"माई, मागचं सगळं मी छाटून आलोय. मला घरचं कुणी नाही."

माईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल."

परसात गेल्यावर त्यांनी गुलाबाची पानं दोन्ही हातांनी बाजूला केली. काटे लागले, तिकडं लक्ष दिलं नाही.

पानांमागं, भिंतीच्या अगदी कडेला, एक लांब जून फांदी आडवी बांधलेली होती. माईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं. फांदीवर कळ्याच कळ्या, आणि मधोमध एक फूल उमललेलं. लहानसं, फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेलं.

वास आला आणि दिनकर आणखी जवळ वाकला. असा वास त्याच्या नर्सरीत कधी आला नव्हता.

"ही फांदी... मी तर सगळं छाटलं होतं."

"गेल्या वर्षाची आहे. तुझ्या कात्रीपासून लपवून ठेवली."

"सावलीतच होती?"

"सावलीतच."

दिनकर खाली बसला. त्यानं छाटलेल्या खुंटांवरून हात फिरवला, एकेका खुंटावरून.

"म्हणजे हा मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतो," तो हळूच म्हणाला. "आणि मी दर वर्षी तीच..."

माईंना त्याची फार माया आली. पोटच्या पोराची यावी तशी.

ओट्यावर कुणीतरी खोकलं. दिनकरनं तो खोकला ओळखला. त्याचे डोळे भरून आले, पण जिद्द अजून पुरती गेली नव्हती.

"माई... फूल आलं. तुमचा शब्द आहे. आता दीक्षा द्या."

माईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"देते की, बाळा. पण दीक्षेला घरचं माणूस लागतं. तुझ्या घरचं कुणी आलंय का?"