पातळ विळे

फार पूर्वी, गोल नाणी कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा डोंगरातल्या एका गावात कांशाचे छोटे विळे पैसे म्हणून चालत. आकार विळ्याचा, पण पानासारखे पातळ आणि बिनधारेचे. एका विळ्याला मिठाची टोपली, पाच विळ्यांना शेळी.

हे विळे हौसा ओतारीण ओतायची. विळा तिच्या साच्यातला आहे म्हटलं की कुणी तो पारखून घेत नसे.

एका वर्षी घाट खचला आणि बाहेरून कांसं येईना. गावात सर्वांत श्रीमंत होते ते नाईक. ते आपले कापणीचे जाड विळे घेऊन हौसाकडे आले.

"हे वितळव. एकातून सहा पातळ निघतील."

"मग गहू कशानं कापायचा, नाईक?"

"कापणीला चार महिने आहेत. तोवर घाट मोकळा होईल. सहांमागे एक तुझा."

हौसाला मुलीचं लग्न करायचं होतं. तिनं भट्टी पेटवली. नाईकांचं पाहून सारं गाव आपापले जाड विळे घेऊन तिच्या दारात उभं राहिलं. गावात पैसाच पैसा झाला.

घाट काही मोकळा झाला नाही. गहू मात्र पिकला. तेवढ्यात एक धनगर धापा टाकत आला.

"टोळधाड येतेय! फार तर चार दिवस. मागं काडीसुद्धा ठेवत नाही!"

लोक शेतात धावले. अख्ख्या गावात कापणीचे विळे निघाले पाच. काहींनी पातळ विळे चालवून पाहिले, ते पहिल्याच पेंढीला वाकले. बायका हातांनी गहू उपटू लागल्या, तळहात सोलून निघाले.

हौसा नाईकांकडे गेली. "तुमच्या पेटीत तीनशे आहेत. द्या, जाड विळे करते."

"आणि टोळ दुसरीकडे वळले तर? मी भिकेला लागेन. नाही देत."

हौसा घरी आली. फडताळातून तिनं गाठोडं काढलं. त्यात बेचाळीस पातळ विळे होते.

"आई, हे माझ्या लग्नाचे ना?" मुलीनं विचारलं.

"हो गं. पण गावाचे विळे मीच वितळवले. कळत होतं, तरी वितळवले." तिनं भट्टी पेटवली. "भाता ओढ."

बेचाळीस विळे मुशीत गेले, सात जाड विळे बाहेर आले. हौसानं धार ठोकून ते शेतात पाठवले. ते पाहून कुंभार आपली थैली घेऊन आला, मग विणकर, मग सगळेच. तीन दिवस भट्टी विझली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावाचा गहू पेंढ्या बांधून घराघरांत आला. उभं होतं ते एकट्या नाईकांचं शेत. ते बांधाबांधावर फिरत होते.

"दिवसाला दोन विळे देतो! बरं, दहा घ्या!"

"शेवटची पेंढी आहे, नाईक. आता दिवस उरलाय कुठं?" लोक म्हणाले.

सकाळी आभाळ काळवंडलं. दुपारी नाईकांच्या शेतात नुसती माती होती.

गावानं हौसाला तिच्या कामाचा वाटा म्हणून गहू दिला होता. आठवड्यानं नाईक पेटी घेऊन तिच्याकडे आले. त्यांची मान खाली होती.

"गहू दे, हौसा. हवे तेवढे विळे घे."

हौसानं आधी टोपलं भरून त्यांच्यापुढे ठेवलं.

"गहू असाच न्या. पेटी भट्टीपाशी ठेवा. पुढच्या कापणीला जाड विळे कमी पडायला नकोत. तुमच्या शेतालाही लागतीलच."

नाईकांनी पेटी खाली ठेवली, अंगरखा काढला आणि ते स्वतः भाता ओढायला बसले.

तात्पर्य एवढंच: कामाची वस्तू मोडून पैसा साठवू नये. आणि तशी चूक झालीच, तर ती निस्तरायला आपल्याच गाठोड्यापासून सुरुवात करावी.