हौसाच्या घरची उचकी

त्या तळ्यावर घरं टांगलेली असत आणि आभाळ खाली असे. बाभळीच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या, फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबकळलेली, आणि त्यांच्या खाली, चोच लांबवली तर लागेल इतक्या जवळ, पाण्यातलं निळं आभाळ. वारा आला की सगळं गाव झुलायचं. जन्मायचं ते झुलत, खायचं ते झुलत, भांडायचं तेही झुलतच. त्यामुळे तिथल्या भांडणांना कधी धड टोक येत नसे. शिवी सुरू व्हायची तेव्हा शेजारीण समोर असायची आणि संपायची तेव्हा ती भलतीकडेच गेलेली असायची.

घरटी दोनशे, सगळी एकसारखी. भर दुपारी दोनशे घरट्यांतून चोची उघडायच्या. त्यातली आपली कोणती? यावर तिथल्या बायकांनी फार पूर्वी एक तोडगा काढला होता. अंडं घातलं की आई त्याच्यावर बसून हलकीशी गुणगुण करायची. प्रत्येक घराची गुणगुण निराळी. तिला ते ‘खूण’ म्हणत. कवचातून ती आत झिरपायची आणि पिल्लू बाहेर पडायचं तेच घरची खूण घेऊन. मग आईनं चोचीत किडा धरून यायचं आणि नुसता कान द्यायचा. जिथून खूण येईल, ते आपलं.

या खुणा फार सुरेल होत्या अशातला भाग नाही. शेजारच्या इठाबाईच्या घरची खूण वाळकी फांदी करकरल्यासारखी होती. हौसाच्या घरची तर हसण्यासारखीच होती: तीन आखूड शिट्ट्या आणि शेवटी एक उचकी. हौसाची पणजी अंड्यावर बसून गुणगुणत असताना तिच्या घशात बाजरीचा दाणा अडकला होता म्हणे. दाणा उतरला, उचकी राहिली. आजीनं ती घेतली, आईनं घेतली, हौसानंही घेतली. दाण्याचं मात्र कुठे नाव नाही.

थंडी सुरू झाली की त्या तळ्यावर राखी हंस उतरत. ते डोंगरांच्या पलीकडून येत. मान उंच, चाल सावकाश, आवाज भरदार. बोलले की पाण्यातलं आभाळ थरथरायचं. उन्हं तापली की निघून जात, आणि मग उरलेलं वर्षभर गावात त्यांच्याच गोष्टी चालत. हंसांसारखं बोलता आलं की डोंगर ओलांडता येतो, अशी गावाची पक्की समजूत होती. आपले पंख अंमळ लहान आहेत असं कुणी म्हणालंच, तर त्याला मागासलेला म्हणत.

ही समजूत पाहूनच साळुंकीबाईंनी शाळा काढली. बाई एक अख्खी थंडी हंसांच्या अगदी जवळ, म्हणजे त्यांच्या पायांत पायांत, चिखलातले किडे वेचत फिरल्या होत्या. तेव्हा हंस त्यांच्याशी जे वारंवार बोलले, ते त्यांनी तोंडपाठ करून ठेवलं होतं. ‘ऑंक-ऑंक-आ.’ शाळेत नमस्कारालाही हेच, प्रार्थनेलाही हेच. शाळेचं नाव ‘उत्तुंग बालघरटं’. ती बाभळीच्या बुंध्यात सगळ्यांत खालच्या ढोलीत भरे, कारण बाईंचे गुडघे दुखत. पिल्लांच्या गळ्यात हंसाचं गळालेलं पीस बांधायची सक्ती होती. पीस पिल्लापेक्षा मोठं असल्यामुळे शाळा सुटली की पिसंच घरी चालली आहेत असं वाटे.

प्रवेश मात्र अंड्यालाच मिळे. उबून बाहेर पडल्यावर आलात तर उशीर झाला, असं बाई म्हणत.

हौसाला त्या साली एकच अंडं झालं होतं. तिचा नवरा गुणाजी त्याच्याकडे बघून दिवसभर फुगत होता. गुणाजीनं आयुष्यात सात घरटी बांधायला काढली होती आणि त्यांतली सहा अर्धी होती. जे आपल्या हातून अर्धं राहिलं ते सगळं या अंड्यानं पुरं करावं, असं त्याला फार वाटे. हौसा खूण गुणगुणू लागली तेव्हा अंडं आतून हललं. दुसऱ्या दिवशी तर त्यानं शेवटच्या उचकीवर बरोबर टकटक केलं.

“हुशार आहे गं!” गुणाजी ओरडला. “चल, आत्ताच्या आत्ता चल. इठाबाईचं तिथं परवाच लागलंय.”

ढोलीत साळुंकीबाईंनी अंड्यावर दोनदा चोच आपटली. अंड्यानं आतून दोनदा उत्तर दिलं. बाईंची भुवई, म्हणजे डोळ्यामागची पिवळी पट्टी, वर गेली.

“मूल बरं आहे. पालक बघू. घरात काय बोलता?”

“आपलं... नेहमीचंच, बाई,” हौसा म्हणाली.

“तेच बंद करायचं. अंड्याला काय ऐकवता?”

हौसानं लाजत लाजत खूण म्हणून दाखवली. उचकीवर बाईंनी डोळे मिटून घेतले.

“हे कानावर पडलं तर चोच जन्माची वाकडी होते. आजपासून गुणगुण नाही. आणि वडील? तुम्हाला येतं का काही?”

गुणाजीनं छाती भरून घेतली आणि आठ दिवस चोरून घोकलेलं “ऑंक-ऑंक-आ” एका दमात सोडलं. खालून चार बेडकांनी मोठ्या आपुलकीनं उत्तर दिलं.

“चालेल,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून हौसाची चोच मिटली. ती अंड्यावर बसे, घरटं झुले, खाली आभाळ झुले, ढग घरट्याच्या तळाला लागून पुढे सरकत. पण आवाज म्हणून नाही. गुणगुण आतल्या आत फिरत राही. बाहेर यायला वाट नसल्यामुळे ती पंखांत उतरे, आणि मग हौसा उगाच अंडं फिरवत बसे. सकाळ-दुपार साळुंकीबाई येऊन अंड्यावर आपला पाठ म्हणून जात. अंडं सुरुवातीला थांबून ऐके, जणू शेवटी काही तरी यायचं राहिलंय. मग तेही टकटक करीनासं झालं.

अंडं फुटलं. बाहेर आला तो तिळाएवढा जीव, म्हणून त्याचं नाव तिळू. त्यानं डोळे उघडण्याआधी चोच उघडली आणि स्वच्छ, भरदार म्हटलं, “ऑंक-ऑंक-आ!”

गावभर बोभाटा झाला. गुणाजी प्रत्येक फांदीवर जाऊन आला.

पण दुपार झाली आणि घोटाळा झाला. त्या साली झाडून सगळी अंडी बाईंकडे गेली होती. दोनशे घरट्यांतून दोनशे चोचींनी एकच हाक मारली. आया किडे धरून हवेत गरगर फिरू लागल्या. कुणी कुणाच्या पिल्लाला भरवलं याचा पत्ता लागेना. शेवटी जिचा कान जिकडे जाई तिकडे ती घास टाकी, आणि कान मोठ्या आवाजाकडेच जातो. इठाबाईच्या पोराचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पंधरा दिवसांत तो इतका सुटला की घरट्याच्या नळीतून बाहेर येईना.

“बाळसं धरलंय हो,” इठाबाई म्हणे. “शाळेचं वळण!”

तिळू हुशार होता, हीच पंचाईत होती. त्याला तीन गोष्टी दिसल्या. तो ‘ऑंक’ म्हणाला की आई मान खाली घालते, तिला कळत नाही. तो चुकून शिट्टी घालायला गेला, कारण अंड्यातल्या पहिल्या दोन दिवसांचं काहीतरी त्याच्या आत कुठेतरी होतं, तर बाई चोच मारतात. आणि काहीच बोललं नाही तर कुणाचंच काही बिघडत नाही. तेव्हा तो बोलायचा थांबला. घरट्याच्या दाराशी बसून तो तळातल्या आभाळाकडे बघत राही. हौसा आता त्याला आवाजावरून नाही, गप्पपणावरून ओळखे. जिथून काहीच ऐकू येत नाही, ते आपलं.

पंख फुटले तरी तिळू बोलेना.

“पोरगं मुकं आहे का काय गं?” गुणाजीनं एक दिवस विचारलं.

“तुम्हीच बोला की त्याच्याशी. तुम्ही तर हंसांची भाषा शिकलाय, बेडकांकडनं.”

“टोमणे नको मारूस. थव्याच्या कारभाऱ्यांनी सांगितलंय, यंदा हंस उतरले की दुसऱ्या सकाळी थवा उठणार. जोंधळ्यात दाणा भरलाय.”

हौसाच्या चोचीतला किडा तसाच राहिला. थवा उठायची रीत तिला ठाऊक होती. उठण्याआधी प्रत्येक आई हाक देते आणि पिल्लू उत्तर देतं. उत्तर दिलं ते थव्यात. नाही दिलं ते तळ्यावर. आणि तळ्यावर एकट्या राहिलेल्या पिल्लाला ससाणा दोन दिवस ठेवत नाही.

“इतरांच्यालाही कुठे खूण येतेय?” ती म्हणाली.

“कारभारी म्हणाले, यंदा ‘ऑंक’ चालेल. त्यांचा नातू त्याच शाळेत आहे ना! पण काहीतरी म्हणायला तर पाहिजे.”

त्या रोजापासून हौसा तिळूजवळ जाऊन बसे. खूण अगदी घशाशी येई. पण इतके दिवस न वापरलेला आवाज तिला ओळख देईना; शिवाय वाटे, आता मधेच आपलं काही ऐकवलं आणि त्याच्याजवळ आहे तेही मोडलं तर? मग ती घास भरवून, चोच मिटून, निघून येई.

एका सकाळी धुक्यातून हंस उतरले. आधी आवाज आला, मग पंख, मग पाण्याला लांब लांब रेघा पडल्या. साळुंकीबाईंनी सगळी शाळा काठावर ओळीनं उभी केली. पिसांमागे पिल्लं, म्हणायला दोनशे. इठाबाईच्या पोराला पुढे ठेवलं होतं, कारण मागे ठेवलं तर बाकीची दिसत नसत. बाईंनी शेपटी खाली केली आणि शाळा एका सुरात गरजली, “ऑंक-ऑंक-आ!”

हंसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते मुकाट्यानं दहा हात बाजूला सरकले.

“बघा!” गुणाजी म्हणाला. “केवढा मान दिला!”

पोरांनी परत म्हटलं. हंस परत सरकले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ते तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लव्हाळ्यात जाऊन बसले. काठावर आनंदीआनंद झाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेला अजून एक ढोली घ्यावी असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

ओळीत एक पीस कमी होतं, हे कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या सकाळी थवा बाभळीवर जमला. कारभाऱ्यांनी इशारा करताच आया एकेक करून हाका देऊ लागल्या आणि फांद्यांवरून “ऑंक-ऑंक-आ”ची सरबत्ती झाली. हौसा सगळ्यांत शेवटच्या फांदीवर होती. रिकाम्या चोचीनं तिळूपुढे जायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून तिनं एक नाकतोडा धरून ठेवला होता. तिळू घरट्यात नव्हता; रात्रभर तिथून काही ऐकू आलं नाही, म्हणून तिनं तो आहेच असं धरलं होतं. ती तळ्याभोवती उडत निघाली.

तिळू कालपासून लव्हाळ्यात होता. लव्हाळ्याच्या एका काडीवर, ज्या हंसांची भाषा त्यानं कवचात असल्यापासून ऐकली होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. रात्र सरली, धुकं सरलं, हंस आपापसात पुष्कळ बोलले. पण त्याला जे पाठ होतं ते त्यांच्यातलं कुणीच, एकदासुद्धा, आपल्या माणसाशी बोललं नव्हतं.

अगदी जवळ एक हंसीण पाण्यावर तरंगत होती. तिचं यंदाचंच पिल्लू डोंगर ओलांडून दमलेलं, तिच्या पंखाला टेकून गप्प बसलं होतं. हंसिणीनं ती प्रसिद्ध उंच मान खाली वाकवली, चोच पिल्लाच्या कानाशी नेली आणि अगदी बारीक, बेसूर असं काहीतरी गुणगुणली. तिच्या चार पिढ्यांमागच्या कुणा आजीला त्या वेळी पडसं झालेलं असावं, कारण गुणगुणीच्या ऐन मधोमध एक शिंक होती. पिल्लानं डोळे न उघडताच ते सगळं परत म्हटलं. शिंकेसकट.

तिळूची काडी हलली.

त्यानं एक आखूड शिट्टी घातली. मग थांबला, चोच मारायला कुणी आलं नाही. दुसरी घातली. तिसरी घातली. चौथं त्याला आठवेना. ते त्याला आठवलं नाहीच, ते आपसूक आलं, सबंध अंग हलवून, काडीवरून पडता पडता: एक उचकी.

लव्हाळ्यावर आलेली हौसा हवेतच अडखळली. बाभळीवरून थवा उठत होता, कारभारी ओरडत होते, गुणाजी “अगं, चल!” म्हणत होता. तिच्या चोचीत नाकतोडा होता, आणि उत्तर द्यायचं तर चोच उघडावी लागते.

नाकतोडा सुटला. तो गोल गोल फिरत खाली आला आणि कमळाच्या पानावर पडला. त्याच्या एका बाजूला हंसाचं पोर उचकी जमवायला बघत होतं आणि दुसऱ्या बाजूला सुगरणीचं पोर शिंकून बघत होतं. आणि वर, कित्येक महिन्यांनी, तीन आखूड शिट्ट्या वाजत होत्या.