पाचशेच्या नोटेचा फोटो

रिक्षावाल्या शेवंताबाई भोगले यांनी सिग्नल तोडल्याचा फोटो चौकातल्या कॅमेऱ्यानं काढला. खरं तर मागून भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली, म्हणून त्यांनी रिक्षा पुढं काढून वाट करून दिली होती. पण फोटोत लाल दिवा आणि रिक्षा, एवढंच दिसत होतं. त्यावरून बाईंना दंड झाला आणि परवानाही रद्द व्हायची वेळ आली.

बाईंनी वाहतूक शाखा गाठली. इन्स्पेक्टर खर्डेकर खुर्चीत ऐसपैस बसले होते.

"साहेब, आधीचा व्हिडिओ तरी बघा."

"फोटो हाच पुरावा, बाई! आधी काय झालं, नंतर काय झालं, ते आम्ही बघत नाही. कॅमेरा खोटं बोलत नाही."

बाईंनी कागद आवरले आणि आवरता आवरता पाचशेची नोट हळूच टेबलावर पडू दिली. खर्डेकरांनी ती उचलून पुढं केली, "अहो, तुमची नोट!"

बाईंनी झटकन मोबाइलवर फोटो काढला.

"हे काय चाललंय?"

"फोटो काढला, साहेब. रिक्षावालीची नोट इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात."

"अहो, मी ती परत देत होतो!"

"मला ठाऊक आहे हो. पण फोटोत ते कुठं दिसतंय?"

असेच फोटोवरचे दंड घेऊन मागं रांगेत उभे असलेल्यांत हशा पिकला. खर्डेकर आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. त्यात रुग्णवाहिका स्पष्ट दिसली आणि दंड रद्द झाला, परवानाही वाचला.

बाईंनी त्यांच्यादेखत फोटो पुसला, नोट घेतली आणि रांगेतल्यांना म्हणाल्या, "या पुढं, साहेब व्हिडिओ बघतायत!"