गावाला पाठ करून उभा खांब

हरवडपेठेच्या पश्चिम टोकाला, कड्याच्या अगदी काठावर, काळ्या दगडाचा एक खांब आहे. ज्यानं हे गाव वसवलं त्या हरवड साहेबाचा. पाहुणे बाजाराच्या बाजूनं बघतात आणि विचारतात, यावर काहीच कसं लिहिलेलं नाही? लिहिलेलं आहे, बाबांनो, ओळीच्या ओळी आहेत. पण त्या पलीकडं, दरीच्या अंगाला. तिथं पाय ठेवायला वीतभर जागा, म्हणून वाचायला कुणी जात नाही. खांबानं उभ्या गावाकडं पाठ केली ती सारजाबाईमुळं, असं सांगतात.

तेव्हा इथं नुसता माळ होता. करवंदीच्या जाळ्या आणि वारा. साहेबानं घाट फोडला, विहिरी खणल्या, गावोगावची माणसं आणून वसवली. सारजा त्यांतच आली, उगवतीकडल्या माणदेशातून, नवऱ्यामागं. दोन वर्षांत नवरा घाटातल्या दरडीखाली गेला. पोटी मूल नव्हतं. माहेर दुष्काळात उठून कुठं पांगलं, ते तिला कधी कळलं नाही. ती साहेबाच्या बंगल्यावर चुलीपाशी राहिली.

दिवस कलला की साहेब त्या टोकावर खुर्ची टाकून बसायचा, मावळतीकडं तोंड करून. तिकडं समुद्र, समुद्रापल्याड त्याचा मुलूख. सारजा चहा ठेवायची आणि चार पावलांवर उगवतीकडं तोंड करून बसायची. एकदा म्हणे त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "सारजाबाई, तिकडे काय दिसते?"

"काय न्हाई, सायेब. तुमाला?"

"मला पण काय नाही."

एवढंच. अशी बारा वर्षं गेली.

मग साहेबाला ताप भरला. पलंग मावळतीच्या खिडकीकडं फिरव, म्हणाला. पलंग शिसवी, तिच्या एकटीच्यानं तसूभर हलेना. माणसं गोळा करून येईतो साहेब गेला होता, तोंड भिंतीकडं. ते तिच्या जिवाला लागलं.

वर्षानं सरकारनं खांब करायला घातला. राणू पाथरवटानं कागदावरची इंग्रजी अक्षरं वेलबुट्टी कोरावी तशी कोरली; गावात वाचता कुणालाच येत नव्हतं. उभा करायच्या दिवशी कचेरीतला शिरस्तेदार जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला आणायला घाटाखाली गेलेला. दगडाला दोर बांधले आणि राणू अडला.

"सारजाअक्का, तू बंगल्यावर राह्यलेली. ह्याचं तोंड कंचं म्हनायचं?"

"अक्षरं हायेत ते."

"मग करतो बाजाराकडं."

"नगं, दादा. मावळतीकडं कर."

"माजी चामडी लोळवतील की गं!"

"माजं नाव सांग."

"तुजं नाव सांगून आजवर कुनाची चामडी वाचलीय?" गडी हसले.

सारजा हसली नाही. ती खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरली आणि तळाशी मांडी घालून बसली. "एक डाव माज्यानं हाललं न्हाई," म्हणाली. "ह्या डावाला फिरवता म्हना, तवाच उठते."

राणू दगडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला. मग गड्यांना म्हणाला, "दोर फिरवा रं."

दुपारी मोठा साहेब आला. समोर कोरा दगड. शिरस्तेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. हे कुणी केलं, म्हणून विचारणा झाली, तशी सारजा पुढं झाली.

"म्या. हितं कुनाला वाचाय येतंय, सायेब? ज्यास्नी येतंय, ती मानसं तिकडं हायेत."

शिरस्तेदारानं खालच्या आवाजात ते त्याला सांगितलं. मोठा साहेब खांबाला हातानं धरून दरीवर वाकला. सगळ्या ओळी वाचल्या. परत आला तेव्हा टोपी हातात होती. दगड आहे तसा राहू द्या, म्हणाला. सारजाचं नाव मात्र त्यानं विचारलं नाही.

पुढं सारजा रोज एकटीच तिथं जायची. कोऱ्या अंगाला पाठ टेकून उगवतीकडं बघत बसायची. तशीच बसलेली असताना गेली, म्हणतात.

आजही लांबून केलेली सून हरवडपेठेत आली की एकदा खांबापाशी जाते, दगडाला टेकून माहेराच्या दिशेला तोंड करते. सोबत कुणी जात नाही. कितीही वेळ लागला तरी सासू हाक मारत नाही. तीही कधीकाळी तिथं बसून आलेली असते.