माळी सापडला

राजे विक्रमसेनांनी दिवाणांच्या सुनेला, द्वारकेला, गणपतीच्या देवळापुढची ओसाड जागा दाखवली. "फार हुशार म्हणवतेस ना? इथं बाग फुलव. पण बागेत माळी दिसला, तर तुझ्या सासऱ्यांची दिवाणगिरी गेलीच म्हणून समज!"

द्वारकेनं जास्वंदी लावल्या आणि देवळात येणाऱ्यांना सांगून ठेवलं, "पूजेला हवी तेवढी फुलं न्या, पण आधी झाडाला तांब्याभर पाणी घाला."

बघता बघता बाग लालेलाल झाली. राजे मिशीला पीळ देत आले.

"खरं सांग, माळी कुठं लपवलायस?" असं विचारत त्यांनी गणपतीसाठी फूल तोडायला हात पुढं केला. द्वारकेनं अदबीनं त्या हातात भरलेला तांब्या ठेवला.

"आधी पाणी, महाराज. इथली रीतच आहे."

राजांनी वाकून पाणी घातलं.

"सापडला की माळी!" द्वारका हसून म्हणाली. "आता सांगा महाराज, याच्यापायी मामंजींची दिवाणगिरी काढून घेणार?"