सिध्याने टेकडी कशी राखली

एका गावात एक भोळा, कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा होता. तो मी. नाव सिद्धेश्वर, पण एवढं लांब नाव माझ्यावर वाया घालवायला कोणी तयार नसतं, म्हणून सिध्या.

गावामागे एक टेकडी आहे. घरात बापाची बडबड सुरू झाली की मी तिथे जाऊन गवतात आडवा होतो. 'पुढे काय करणार?' असं टेकडीनं मला अजून एकदाही विचारलेलं नाही. तर या टेकडीवर खडी क्रशरवाल्याचा डोळा होता. तालुक्याहून समिती येणार होती. गावानं पर्यावरणाची उद्दिष्टं पुरी केली असली तर टेकडी राखीव, नसली तर क्रशरवाल्याची.

उद्दिष्टं पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली होती. झाडं लावणे, प्लास्टिक बंद करणे, तळं साफ करणे. भिंत रंगवून झाली तिथेच मोठी मंडळी दमली. समिती येणार म्हटल्यावर सरपंच भिकाअण्णांनी मला बोलावलं.

"सिध्या, तू रिकामाच आहेस. आजपासून तू पर्यावरण दूत."

"काय करायचं?"

"सांगू तसं करायचं. डोकं चालवायचं नाही."

डोकं न चालवण्याचा माझा अनुभव दांडगा. मी हो म्हटलं.

आधी रोपं आली. अण्णा म्हणाले, खड्डे खणलेत, त्यात लाव. रोपं काळ्या पिशव्यांत होती. पिशवी काढ असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पिशवीसकट लावली. थोड्याच दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या.

"गाढवा," अण्णा म्हणाले, "पिशवी हातात आली की आधी फाडायची. एवढं कळत नाही?"

"चुकलं, अण्णा. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी कापडी पिशव्या आल्या. प्लास्टिक बंद करायचं म्हणून बाजारात वाटायच्या होत्या. पिशवी हातात आली, मी फाडली. एकूण एक फाडली, मग वाटल्या. शेवंतामावशीनं त्यात बटाटे घेतले. बटाटे उतारानं पुढे निघाले, मावशी मागून.

"अरे, लोकांना काही द्यायचं तर आख्खं द्यावं," अण्णा म्हणाले. "घरोघर जावं, हात जोडावेत, पंचायतीकडून भेट म्हणावं."

"चुकलं, अण्णा. पुढच्या वेळी."

मग त्यांनी मला तळ्यातली जलपर्णी काढायला लावली. मी काढली. मुळासकट, आख्खी. एक पानसुद्धा तुटू दिलं नाही. घरोघर गेलो, हात जोडले, पंचायतीकडून भेट म्हटलं. लोकांनी मला जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र जांभळी फुलं आवडली. त्यांनी ती परसातल्या हौदात सोडली. बघता बघता हौदात पाणी दिसेनासं झालं.

अण्णा काठी घेऊनच आले.

"जे कामाचं नाही, नुसतं जागा अडवून बसलंय, ते लोकांच्या घरी नेतात का रे? ते खतखड्ड्यात घालायचं. वर माती ओढायची. आणि रिकाम्या जागी काहीतरी हिरवं ठेवायचं."

"चुकलं, अण्णा. पुढच्या वेळी."

समिती यायच्या दिवशी पंचायतीपुढे मंडप घातला. शोभेला नर्सरीतून रोपं आणली. अण्णा म्हणाले, "मंडपात सगळं नीट लाव." मी बघितलं तर पुढच्या खुर्च्यांवर अण्णा आणि सगळे मेंबर बसलेले. मला कळायला लागल्यापासून ते त्याच खुर्च्यांवर आहेत. मी बराच वेळ बघत राहिलो. कामाचं नाही. जागा अडवून बसलंय.

"अण्णा, खतखड्ड्यात उतरा."

"कशाला?"

"खुर्चीवर रोप ठेवायचंय."

अण्णांनी शेजारच्या मेंबराकडे बघितलं.

"श्रमदानाचा फोटो असेल," मेंबर म्हणाला.

फोटो म्हटल्यावर सगळे उठले. मंडपामागचा खतखड्डा पुरुषभर खोल. शिडीवरून उतरताना पुढे कोण उभं राहणार यावर भांडणही झालं. मी शिडी वर ओढून घेतली आणि माती लोटायला लागलो. गुडघ्यापर्यंत माती येईतो ते हसत उभे होते.

खुर्च्यांवर रोपं ठेवली. मंडप एकदम ताजा दिसायला लागला. मग माझ्या लक्षात आलं की कॉलेज सोडल्यापासून मीही कामाचा नाही आणि घरात जागा अडवूनच आहे. नियम सगळ्यांना सारखा. मीही खड्ड्यात उडी मारली. माझ्या जागी ठेवायला रोप उरलं नव्हतं. तशी गावात माझी अशी जागा तरी कुठे होती.

समितीच्या मॅडम सगळं गाव फिरून आल्या त्या टेकडीवरून. ओढणीला कुसळं चिकटलेली. खुर्च्यांवरच्या रोपांकडे त्यांनी बघितलं, मग आरडाओरडा ऐकून खड्ड्यात डोकावल्या.

"गावात जबाबदार माणूस कोण?"

खालून कोणीच हात वर केला नाही.

"तुमची कामं बघितली," मॅडम म्हणाल्या. "रोपं मेलेली, पिशव्या फाटलेल्या, जलपर्णी सरपंचांच्या हौदात. पण टेकडीवर गवत कमरेएवढं आहे. पाखरं आहेत. तिथे पंचायतीनं काय केलं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "अण्णा तिथे कधी चढलेच नाहीत."

"म्हणूनच ती शिल्लक आहे. टेकडी राखीव करते मी. आता एकच करा. हात लावायचा नाही. आहे तसं सोडायचं. आपलं आपण उगवून येतं."

टेकडी वाचली. शिवाय शिवी न देता कोणी मला काही शिकवलं, ते पहिल्यांदाच. मी ते मनात घट्ट धरलं.

मॅडमच्या ड्रायव्हरनं शिडी आत सोडली. अण्णांनी मातीतून एक पाय कसाबसा उपसला आणि पहिल्या पायरीवर ठेवला. मी तो अलगद उचलून परत मातीत रोवला आणि शिडी वर ढकलून दिली.

"हात लावू नका," मी ड्रायव्हरला म्हटलं. "आम्ही आपलं आपण उगवून येतो."