गुऱ्हाळाची चिंधी

त्या राज्यात शत्रू वेशीवरून येत नसे. तो गुपचूप एखाद्या घरात शिरे आणि घरच्याच आवाजात बोलू लागे. म्हणून दर घराने दारावर एक चिंधी टांगायची, असा रिवाज होता. घर धडधाकट असलं की चिंधीला घराचा वास येई. आत शत्रू असला की वास पालटे. मग राखणीचे कुत्रे येत आणि ते घर माणसांसकट पाडत. दुसरा इलाजच नव्हता.

हे कुत्रे एका कुंपणाआड तयार होत. गोमा नावाची म्हातारी कुत्री त्यांना वाढवी. तिच्या पेटाऱ्यात राज्यातल्या एकूण एक घराची, ते धडधाकट असतानाची चिंधी होती. ज्या पिलाला वासच कळत नसे, त्याचं दूध ती तोडी. जे पिलू धडधाकट घराच्या चिंधीवर गुरगुरे, त्याला ती परसातल्या पाल्यात निजवी. ते पुन्हा उठत नसे. शंभरातली दोन-तीन पिलं फाटकाबाहेर पडत.

टिकल्या नावाच्या एका पिलावर मात्र तिचा जीव जडला. कपाळावर पांढरा टिकला, आणि नाक असं की तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आजी, अजून किती चिंध्या? मिशा झिजल्या माझ्या."

"नाक चालव, मेल्या, तोंड नको."

शेवटची चिंधी गुऱ्हाळाची निघाली. राज्यात गूळ करणारी चारच घरं होती, चारही घरांचा वास एक. टिकल्याने हुंगलं आणि त्याच्या नरड्यातून बारीक गुरगुर आली. गोमाने चिंधी पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"काय झालं गं, आजी?"

"काही नाही. धूळ गेली तुझ्या नाकात."

तिने चिंधी पेटाऱ्याच्या तळाशी सारली. एवढं मोठं राज्य, त्यात चार घरं. हा तिकडे कशाला जातोय, अशी तिने मनाची समजूत घातली. सकाळी टिकल्या शेपूट उंच करून बाहेर पडला.

पुढच्या हंगामात गुऱ्हाळवाली बाई नवी चिंधी द्यायला कुंपणापाशी आली. चिंधी काजळलेली होती.

"तीन घरं गेली, गोमाबाई. आमच्यात काही शिरलं नव्हतं हो. पण कुत्रा फार इमानी. तिसरं घर त्याच्याच अंगावर पडलं, तरी दात सोडले नाहीत त्यानं. कपाळावर टिकला होता."

गोमाने चिंधी हुंगली. काजळीखाली तिच्याच दुधाचा वास होता.

त्यानंतर ती चिंधी पेटाऱ्यात सगळ्यांत वर राहिली. नव्या वेतातल्या एका कबऱ्या पिलाने ती हुंगली आणि ते गुरगुरलं.

"आजी, चुकलं का माझं?"

"नाही रे, राजा. दमलास तू. चल, नीज."

तिने त्याला पाल्यात नेलं, चाटून चाटून निजवलं, आणि श्वास थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग वारं फिरलं. कुंपणापलीकडे, उरलेल्या एकाच गुऱ्हाळात काहील चढली होती. उकळत्या रसाचा गोड वास पाल्यावर येऊन थांबला.